व्यायलेली म्हैस माजावर येत नसेल, तर इंजेक्शनाआधी रक्त कसे तपासावे

म्हैस व्यायल्यापासून 60 ते 90 दिवसांत पुन्हा गाभण राहिली, तर सुमारे 310 दिवसांचा गाभणकाळ धरून दोन वेतांतील अंतर तेरा महिन्यांच्या आसपास राहते. खानदेशातील अनेक गोठ्यांत मात्र चार-चार महिने माज दिसत नाही, आणि मग ‘एक इंजेक्शन टोचून टाका’ हा सल्ला जो तो देतो. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही, कारण कोणते इंजेक्शन लागू पडेल हे अंडाशयात काय चालले आहे त्यावर ठरते. म्हशीचे अंडाशय गाईपेक्षा लहान असते आणि त्यातील पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ, बराचसा आत रुतलेला असतो. त्यामुळे नुसत्या हाताने चाचपून केलेले निदान चुकू शकते.

वार वेळेत पडली, गर्भाशय दीड महिन्यात आकसले आणि सोटात, म्हणजे योनीतून गळणाऱ्या चिकट स्रावात, पू नाही, एवढे झाले असेल तरच पुढे जावे.

पहिली तपासणी साध्या रक्तघटकांची. व्यायल्यावर दूध झपाट्याने चढते, पण भूक त्या मानाने वाढत नाही. ही तूट भरण्यासाठी अंगावरची चरबी वितळते, रक्तातील मुक्त मेदाम्ले वाढतात, ग्लुकोज आणि इन्सुलिन घटते, आणि पिट्युटरी ग्रंथीतून ठरावीक लयीत सुटणारे एलएच हे संप्रेरक मंदावते. परिणामी अंडाशयातला बीज असलेला कोष (बीजकोष) वाढतो, पण फुटत नाही. म्हणून ग्लुकोज, कॅल्शियम, फॉस्फरस आणि युरिया पाहावेत. कॅल्शियम साधारण 9 ते 12 आणि फॉस्फरस 4 ते 8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावे. ज्वारीच्या कडब्यात फॉस्फरस कमी असते. रावेर-यावल पट्ट्यात जनावरांपुढे टाकले जाणारे केळीचे खांब तर बहुतांशी पाणीच असतात. त्याने पोट भरते, ऊर्जा मिळत नाही. युरिया वाढलेला आणि ग्लुकोज उतरलेले असेल, तर सरकी ढेप वाढवू नये; मका भरडा वाढवावा. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावेच.

रक्त पशुवैद्यकाकडूनच काढून घ्यावे. मानेच्या खाचेत अंगठा दाबून धरला की शीर दोरीसारखी फुगते. ग्लुकोजसाठी फ्लोराइड असलेली करड्या बुचाची नळी वापरावी, कारण साध्या नळीत तांबड्या पेशी ग्लुकोज खात राहतात आणि आकडा खोटा उतरतो. बाकीच्या घटकांसाठी साध्या नळीतील रक्त सावलीत गोठू द्यावे, वरचा द्रव वेगळा करून घ्यावा आणि मगच बर्फाच्या डब्यात ठेवावा. हा द्रव फिकट पिवळा हवा. तो गुलाबी दिसला, तर पेशी फुटल्या आहेत आणि फॉस्फरसचा आकडा वाढून येणार, असे समजून नमुना टाकून द्यावा. भुसावळच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून नेलेल्या नळीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

आता खरा अवघड भाग, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, पीतपिंडातून सुटणारे संप्रेरक. हे मला नीट उमगायला बराच काळ लागला, कारण सगळे एकाच नमुन्यावर निकाल देत असत. एका नमुन्यावर निकाल देताच येत नाही. प्रोजेस्टेरॉन 1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आले, तर म्हैस अमाजात, म्हणजे ऋतुचक्रच बंद असलेल्या अवस्थेत, असू शकते, किंवा नेमकी त्याच दिवशी माजावर असू शकते. म्हणून दहा दिवसांनी दुसरा नमुना घ्यावाच. घरच्यांनी कितीही घाई केली तरी हे अंतर कमी करू नये. दोन्ही वेळा आकडा खाली असेल, तर अंडाशय निजलेले आहे, आणि अशा म्हशीला प्रोस्टाग्लँडिन देणे म्हणजे पैसे वाया घालवणे, कारण त्या औषधाला विरघळवायला पीतपिंडच नसतो. तिला आधी खुराक आणि नंतर पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली योनीत प्रोजेस्टेरॉन सोडणारे उपकरण बसवणे हाच मार्ग. एकदा खाली आणि एकदा वर असेल, तर ऋतुचक्र चालू आहे, माज मुका आहे आणि तो आपल्या नजरेतून सुटतो आहे. दोन्ही वेळा वर असेल, तर ती गाभण तर नाही ना हे आधी पाहावे. गाभण म्हशीला प्रोस्टाग्लँडिन दिले तर ती गाभडते. प्रोजेस्टेरॉनचा रेणू माणसात आणि म्हशीत एकच असल्याने हा तपास माणसांच्या प्रयोगशाळेतही होतो.

मुका माज पहाटे शोधावा. काचेसारखा सोट पुष्कळदा म्हैस बसल्यावरच गळतो; म्हणून ती उठताच शेपटीखालची जमीन पाहावी. थोडीथोडी लघवी आणि पान्हा चोरणे याही खुणा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास व्यायलेल्या म्हशीचा हिशेब वेगळा असतो. काळी कातडी आणि कमी घामग्रंथी यांमुळे तिला उष्णता सोसत नाही, उन्हाळ्यात प्रोलॅक्टिन हे दुधाशी निगडित संप्रेरक वाढते आणि अंडाशय दबते. तिला दुपारी दोनदा पाण्याने भिजवावे, हिरवा चारा रात्री द्यावा आणि प्रोजेस्टेरॉनचे दोन्ही नमुने पाऊस पडून गोठा थंडावल्यावरच घ्यावेत.