घरी मृत्यू झाल्यावर अंत्यसंस्काराची तयारी कशी करावी

घरातले माणूस गेल्यावर पुढच्या काही तासांतली कामे पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडून होत नाहीत आणि त्यांच्यावर ती टाकूही नयेत. जावई, चुलतभाऊ किंवा जवळचा शेजारी अशा एकाच माणसाकडे सूत्रे द्यावीत आणि सर्व नातेवाइकांना त्याचाच फोन क्रमांक कळवावा. येथील माहिती महाराष्ट्रातल्या शहरात हिंदू पद्धतीने दहन करणाऱ्या कुटुंबासाठी आहे. लिंगायतांसारख्या समाजांत दफनाची रीत असल्याने तेथील विधी वेगळे असतात, मात्र कागदपत्रे बहुतांशी तीच लागतात.

सर्वप्रथम डॉक्टरांना बोलवावे. मृत्यू रुग्णालयात झाला असल्यास मृत्यूच्या कारणाचा दाखला तेथेच मिळतो. घरी झाला असल्यास तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यावा लागतो आणि त्यांना दाखवण्यासाठी अलीकडचे तपासणीचे कागद हाताशी असावे लागतात. रुग्णाला बरेच दिवस पाहिलेले नसेल, तर डॉक्टर दाखला देण्यास नकार देऊ शकतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर पोलिसांना कळवणे, पंचनामा आणि शवविच्छेदन टाळता येत नाही.

नेत्रदान करायचे असेल, तर ते सुमारे सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणून त्याचा निर्णय पहिल्या अर्ध्या तासातच घ्यावा. मृताने अर्ज भरलेला नसला, तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने ते करता येते. नेत्रपेढीचे पथक घरी येईपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि पंखा बंद करावा. देहदानाची इच्छा असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी लगेच बोलावे, कारण देह स्वीकारला जाईल की नाही हे कळल्याशिवाय पुढचे काहीच ठरवता येत नाही.

खरा पेच वेळेचा असतो. कोणी बंगळूरहून निघालेले असते, कोणाला दुबईहून विमान मिळत नसते, आणि जमलेल्यांपैकी प्रत्येकाला आपल्यालाच शास्त्र ठाऊक आहे असे वाटत असते. ज्यांच्याविना अंत्यसंस्कार करायचा नाही अशा दोन-तीन माणसांचीच नावे ठरवावीत आणि त्यांच्या येण्यावरून वेळ निश्चित करावी. थांबणे लांबणार असेल, तर शीतपेटी मागवावी किंवा देह रुग्णालयाच्या शवागारात ठेवावा. बर्फाच्या लाद्यांवर रात्र काढण्याचा प्रयत्न करू नये. स्मशानात जागा आहे का हे विचारूनच वेळ सर्वांना कळवावी, कारण पुण्यातल्या वैकुंठसारख्या मोठ्या स्मशानभूमीतही विद्युतदाहिनीसाठी थांबावे लागू शकते.

एकदा वेळ ठरली की बाकीची कामे तिच्यापासून उलटी मोजावीत. स्मशानाचा पास काढताना डॉक्टरांचा दाखला आणि मृताचे व अर्जदाराचे आधार कार्ड लागते. प्रत्येकाच्या तीन-चार छायाप्रती काढून ठेवाव्यात. शववाहिका सांगताना जिना अरुंद आहे का, लिफ्टमध्ये तिरडी मावेल का, हेही पाहावे. तिरडीचे बांबू, सुतळी, पांढरे कापड, मडके, गोवऱ्या, हार, तुळशीपत्र असे सगळे सामान एकत्र देणारी दुकाने मोठ्या शहरांत असतात. तेथे ‘अंत्यविधीचे सामान’ एवढेच सांगितले तरी पुरते. गुरुजींनाही याच वेळी फोन करावा आणि अग्नी कोण देणार ते त्यांना सांगावे. मुलगी देणार असेल तर ते आधीच स्पष्ट करावे, म्हणजे ऐन वेळी कुजबुज होत नाही. देह बांधण्यापूर्वी दागिने काढून घरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे मोजून द्यावेत. मृताला पेसमेकर बसवलेला असल्यास तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण दहनात त्याचा स्फोट होऊ शकतो.

स्मशानातून निघताना दहनाची पावती घेतल्याखेरीज निघू नये. गडबडीत हीच राहून जाते. विद्युत किंवा गॅसदाहिनीत अस्थी बहुधा त्याच दिवशी मिळतात, लाकडांवरील दहनानंतर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सावडायला जावे लागते. दहाव्याचे दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हे गुरुजींनाच विचारावे आणि नाशिक, आळंदी किंवा पैठणला जायचे असेल, तर तेथील व्यवस्था आधी पाहावी. अश्मा, म्हणजे मडके फोडण्यासाठी वापरलेला दगड, दहाव्यापर्यंत कोणाकडे राहणार, हे स्मशानातच ठरवावे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंदीचा अर्ज भरताना मृताचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव आधार कार्डाप्रमाणेच आहे का, हे दोन जणांनी अक्षर न् अक्षर तपासावे. निवृत्तिवेतन, विमा, बँक आणि घराची कागदपत्रे या सर्वांसाठी या नोंदीवरून मिळणारा मृत्यूचा दाखला लागतो, म्हणून त्याच्या आठ-दहा प्रती एकदम घ्याव्यात. मृताच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नयेत. अंत्यविधीचा खर्च दुसऱ्या कोणी करावा आणि त्याच्या पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात.