जुना अ‍ॅक्रिलिक टँक आणि घरी केलेला रीफ रॉक: या चुका टाळा

समुद्री मासे पाळायचा माझा पहिला अ‍ॅक्रिलिक टँक थिनरने गेला. वाशीतल्या एका घरातून तो स्वस्तात मिळाला होता आणि बाजूवर जुन्या स्टिकरचा चिकट डाग होता. थिनरचा बोळा फिरवला, डाग क्षणात निघाला, मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा त्या जागेत शेकडो बारीक रेघा चमकत होत्या. बोट फिरवलं तर काहीच लागत नव्हतं, कारण रेघा पृष्ठभागावर नव्हत्या, शीटच्या आत होत्या. याला क्रेझिंग म्हणतात आणि त्यावर इलाज नाही. रीफ रॉक, म्हणजे टँकमध्ये मांडायला सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून घरी पाडलेला दगड, त्यातल्या चुका शेवटी सांगतो.

अ‍ॅक्रिलिक कापताना, वाकवताना, जोडताना त्यात ताण राहून जातो. थिनर, अ‍ॅसिटोन, स्पिरिट, सॅनिटायझर किंवा काचा पुसायचं अमोनियावालं लिक्विड त्या ताणलेल्या जागी शिरलं की आतून भेगा फुटतात. जोडांपाशी ताण सगळ्यात जास्त, म्हणून भेगाही तिथेच आधी येतात. डाग काढायला कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ सुती कापड आणि बोटाचं नख पुरतं. वेळ लागतो, लागू द्या. क्षारांचा पांढरा थर असेल तर त्यावर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड अर्धा तास ठेवा. निर्जंतुक करायला पातळ ब्लीच चालतं, पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि आपल्या फ्लॅटमधलं बाथरूम केवढं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

घेताना टॉर्च न नेणं

ठाणे-नवी मुंबईत जुने टँक बरेच विकायला निघतात. कुणाची बदली होते, कुणाच्या घरी बाळ येतं. फोटोत सगळे सारखेच दिसतात. प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा खोलीतले दिवे बंद करायला सांगा आणि टॉर्च जोडांच्या कडेने तिरपी फिरवा. चमकणाऱ्या बारीक रेघांचं जाळं दिसलं तर किंमत न विचारता परत या. जोडात एखाददुसरा बुडबुडा असेल तर घाबरू नका, पण सलग पांढरट पट्टा दिसला तर तो जोड नीट बसलेला नाही. वरची आडवी चौकट, म्हणजे ब्रेसिंग, कुणी दिवा बसवायला कापली आहे का तेही बघा. अ‍ॅक्रिलिक लवचीक असतं. ती चौकट गेली की भरलेला टँक मधोमध फुगतो.

विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: माशांना तांब्याचं औषध कधी दिलं होतं का? टँक धुऊन निघेल, पण सोबत फुकट मिळणारी वाळू आणि दगड घेऊ नका. चुनखडीचे दगड तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. मासे ते सोसतात. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ सोसत नाहीत.

आतले ओरखडे घासत बसणं

या एका चुकीत लोकांचे आठवडे जातात. आतल्या बाजूचा बारीक ओरखडा कोरड्या टँकमध्ये फार ठळक दिसतो, पण पाणी भरल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. प्रकाश हवेतून अ‍ॅक्रिलिकमध्ये शिरताना जितका वळतो तितका पाण्यातून शिरताना वळत नाही. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि अ‍ॅक्रिलिकचा १.४९ आहे. म्हणून आधी ओल्या स्पंजने ओरखडा भिजवून बघा. ओला असताना दिसेनासा झाला तर त्याला हात लावू नका. बाहेरचे ओरखडे मात्र कायम दिसतात, मेहनत तिथे घ्या.

घासायचंच असेल तर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर, वापरा, आणि तो सतत ओला हवा. कोरडं घासलं की अ‍ॅक्रिलिक तापतं, चिकट होतं, आणि आधीपेक्षा वाईट डाग पडतो. नख अडकेल एवढा ओरखडा असेल तर ४०० नंबरपासून (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) सुरुवात करा, मग ६००, ८००, १०००, १५००, २०००. दर नंबरला घासायची दिशा बदला, आडवी असेल तर उभी. आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. घाईत ८०० गाळून थेट १५०० लावला तर शेवटी पॉलिश केल्यावर खालच्या रेघा वर येतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. एकाच जागी खड्डा पडेपर्यंत घासू नका, नाहीतर तिथून मासा भिंगातून दिसावा तसा लांबट दिसतो. आजूबाजूचा हातभर भाग सोबत घ्या. पॉलिश प्लास्टिकसाठीचंच घ्या. गाडीच्या पॉलिशमधलं मेण आणि सिलिकॉन टँकच्या आत नको.

गळणाऱ्या जोडावर सिलिकॉन

काचेच्या टँकला सिलिकॉन चालतं म्हणून अ‍ॅक्रिलिकलाही चालेल असं वाटतं. अ‍ॅक्रिलिकवर ते नीट धरत नाही. थोड्या दिवसांनी कडेने सुटतं आणि सालीसारखं निघून येतं. अ‍ॅक्रिलिक जोडतात ते द्रावकाने: दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. आपल्याकडे साइनबोर्डवाले त्यासाठी क्लोरोफॉर्म वापरतात. टँकच्या कामाला वेल्ड-ऑन १६ सारखं प्लास्टिक जोडायचं दाट सिमेंट बारीक गळतीवर आतून लावता येतं. लावताना खिडक्या उघड्या हव्यात, पंखा हवा, आणि मुलं दुसऱ्या खोलीत.

हे काम पावसाळ्यात करू नका. जोड आठवडाभर वाळलेला हवा आणि हवाही कोरडी हवी. जुलैतल्या आपल्या हवेत द्रावक उडताना बाष्प धरतो आणि जोड दुधाळ होतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस याला उत्तम. अख्खा जोडच उघडला असेल तर घरी हात घालू नका. रबाळे-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात अ‍ॅक्रिलिकचं काम करणाऱ्यांना विचारा, आणि टँकमध्ये पाणी राहणार आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा. त्यावरून ते जोड वेगळा घेतील.

पाण्याचं वजन विसरणं

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे २५५ लिटर पाणी मावतं, म्हणजे २५५ किलो. दगड, वाळू, स्टँड धरला तर ४०० किलोच्या आसपास जातो, आणि हे सगळं जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) धरलेला पसरलेला भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो आहे. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण टँकचा भार एकाच कोपऱ्यात असतो आणि बाकीची खोली मोकळी. पण खोलीच्या मधोमध टँक ठेवू नका. बीम जिथे आहे त्या भिंतीला लांबी लावून ठेवा. इमारत जुनी असेल, स्लॅबला गळती किंवा सळ्यांचा गंज दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

चाचणीचं पाणीही बाल्कनीत भरू नका. तळमजल्यावर, पार्किंगच्या कोपऱ्यात, सोसायटीला सांगून भरा आणि तीन दिवस तसंच राहू द्या. जोडांखाली वर्तमानपत्र पसरा, एक थेंब पडला तरी कळतं. टँकखाली सपाट प्लायवूड आणि त्यावर फोम हवा, कारण अ‍ॅक्रिलिकच्या तळाला सगळीकडे आधार लागतो. चारच कोपऱ्यांवर टेकलेला तळ झोळीसारखा लोंबतो. पाणसळ लावून दोन्ही दिशांनी बघा.

दगड समुद्रावरून उचलणं

टँक उभा राहिला की दगडांचा प्रश्न येतो आणि कुणीतरी सुचवतो, मालवणला गेलास की घेऊन ये. आणू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. जिवंत प्रवाळ असो की मेलेल्याचा सांगाडा, ते गोळा करणं किंवा विकणं गुन्हा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. ठाणे खाडीतली वाळू, चिखल, पाणी यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. खाडीला दोन्ही शहरांचं सांडपाणी आणि औद्योगिक पट्टा लागून आहे, तिच्या एका भागात २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. मला घरी दगड पाडणं आवडतं त्याचं खरं कारण हेच: हवा तसा आकार मिळतो आणि समुद्रातून काहीही उचलावं लागत नाही.

सिमेंट आणि शिंपले

दुकानात सिमेंट मागितलं तर बहुतेक वेळा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) मिळतं. त्यात कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश असते, आणि तिच्यातले धातूंचे अंश मला टँकमध्ये नको असतात. ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) मागून घ्या, गोणीवर छापलेलं वाचा. पांढरं हवं असेल तर व्हाइट सिमेंट, पण त्याऐवजी वॉल पुट्टी हातात येऊ देऊ नका. दोन्हींच्या पिशव्या शेजारी असतात, दिसायलाही सारख्याच, पण पुट्टीत पॉलिमर असतात. वॉटरप्रूफिंगचं लिक्विड, फरशीचा लाल ऑक्साइड, आधारासाठी लोखंडी तार यांतलं काहीही घालू नका. आधार लागला तर पीव्हीसीचा नळीचा तुकडा घाला.

बांधकामाची क्रश सँड म्हणजे काळ्या बेसॉल्टचा चुरा. आपल्याला चुनखडी हवी. सगळ्यात चांगला माल घरचाच: तिसऱ्यांच्या, म्हणजे बाजारात खायला मिळतात त्या, शिंपल्या. त्या अ‍ॅरागोनाइटच्या, म्हणजे प्रवाळाचा सांगाडा ज्याचा असतो त्याच खनिजाच्या. दिवाळे गावच्या किंवा ठाण्याच्या बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपल्या टाकू नका. पुन्हा उकळा, ब्रशने घासा, कडक उन्हात आठवडाभर वाळवा आणि मग गोणपाटात घालून कुटा. मांसाचा अंश राहिला तर तो टँकमध्ये कुजतो आणि फॉस्फेट देतो, मग हिरवं शेवाळ महिनोन्महिने हटत नाही. पुरेशा शिंपल्या जमत नसतील तर कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो. औषध न मिसळलेला घ्या. चुरा चाळा आणि बारीक पीठ बाजूला काढा, ते राहिलं तर छिद्रं बुजतात.

माझं प्रमाण मापाने असं: १ भाग सिमेंट, ३ भाग चुरा, १ भाग खडे मीठ. मीठ नंतर विरघळून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. मीठ शेवटी घाला आणि पाणी अगदी बेताने. रव्याच्या लाडवाचं मिश्रण आठवा: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून थेंब गळू नये. इथे जास्त पाणी घालणं ही नवख्यांची ठरलेली चूक. मीठ तिथेच विरघळतं, पोकळ्या राहत नाहीत, आणि हातात येतो तो गुळगुळीत, जड धोंडा. माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया राहायला आतली छिद्रंच लागतात. साचा म्हणून घमेल्यात ओलसर मीठ पसरून त्यात हाताने खळगे करा. साच्याला तेल लावू नका. रबरी हातमोजे, मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच, ओलं सिमेंट कातडी भाजतं. घमेलं धुतलेलं पाणी बाथरूमच्या जाळीत ओतू नका, ते खाली ट्रॅपमध्ये घट्ट होतं.

बादलीतल्या आकड्यावर लवकर विश्वास

साच्यातून काढलेले दगड उन्हात ठेवू नका. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. ओलं गोणपाट टाकून निदान ७ दिवस पाणी मारा, स्लॅबला मारतात तसं. मग बादलीत बुडवा आणि रोज पाणी बदला. पहिले काही दिवस पाण्यावर पातळ, पांढरी साय येते. तो सिमेंटमधून सुटलेला चुना असतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून झालेला.

ताज्या सिमेंटच्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो. मत्स्यालयाचे बरेच किट ८.८ ला संपतात. शेवटचा रंग दिसला की आपण ८.८ लिहितो, खरा आकडा ११ असू शकतो. सुरुवातीला १ ते १४ चा पीएच पेपर वापरा. दुसरी फसगत अशी की पाणी बदलल्यावर तासाभरात तपासलं तर आकडा छानच येतो. दगड आतून सावकाश सोडत असतो. म्हणून चौथ्या आठवड्यानंतर बादली झाकून, पाणी न बदलता ४८ तास ठेवा. झाकायची यासाठी की उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली ओढतो आणि आपल्याला फसवतो. शेजारी नुसत्या नळाच्या पाण्याची दुसरी बादली झाकून ठेवा आणि दोन्हींची तुलना करा. फरक जवळपास संपला आणि आकडा ८.५ च्या आत आला की दगड तयार. माझ्या जाड दगडांना ९ आठवडे लागले, पातळ कमानींना ६.

घाई करायला काहीजण व्हिनेगर ओततात. त्याने वरचा थर शांत होतो, आकडा खाली येतो, आणि दहा दिवसांनी पुन्हा चढतो. तोवर दगड टँकमध्ये गेलेला असेल तर पाणी दुधासारखं होतं. वाढलेल्या पीएचमुळे मिठाच्या पाण्यातलं कॅल्शियम चुन्याच्या रूपाने खाली बसतं, आणि ते हीटरवर, पंपाच्या पंख्यावर चिकटतं. असं झालंच तर दगड बाहेर काढून पुन्हा बादलीत टाका आणि टँकचं निम्मं पाणी बदला. पीएच उतरवणारी रसायनं ओतत बसू नका.

दगड मांडताना तो थेट तळाच्या अ‍ॅक्रिलिकवर टेकवू नका, खाली पातळ प्लास्टिकची जाळी घाला. वाळू मात्र दगड बसल्यावर. वाळूवर ठेवलेला दगड खालून कुणी उकरलं की कलंडतो. नवा दगड सिमेंटसारखाच दिसतो, त्याला रंग देऊ नका. खारं पाणी १.०२५ घनतेचं भरल्यावर मासे लगेच सोडू नका, कारण हा दगड पूर्णपणे निर्जीव आहे. ओळखीच्या कुणाच्या चालू टँकमधला एक छोटा तुकडा किंवा मूठभर वाळू आणून घाला आणि अमोनिया, नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा. त्याला चार-सहा आठवडे लागतात. जांभळा कोरलाइन थर, म्हणजे कडक समुद्री शेवाळ, अशाच एखाद्या तुकड्यावरून किंवा गोगलगायीच्या शंखावरून येतो. माझ्या दगडांवर त्याचा पहिला ठिपका पाचव्या महिन्यात, पंपाच्या मागच्या सावलीत दिसला.