मुलांच्या शरीरातला दाह: आधी संध्याकाळचं खाणं बदला

हळदीच्या दुधाने दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे शरीरात आतून चाललेली सूज) कमी होतो, हा सल्ला आधी बाजूला ठेवा. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याच्यासाठी ती दिली जाते तो घटक, असतो जेमतेम तीन टक्के, आणि त्यातलंही फारच थोडं रक्तात पोचतं. दिवसभर बिस्किटं, वेफर्स आणि कोल्ड्रिंकवर असलेल्या मुलाला रात्रीचा पिवळा पेला वाचवत नाही.

पोटाभोवती जास्तीची चरबी साठली की तिथल्या पेशी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहतात. हा दाह मंद असतो, वरून दिसत नाही. दुसरी बाजू आतड्याची. तिथले जिवाणू फायबरपासून (अन्नातला न पचणारा तंतुमय भाग) ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याचं अस्तर त्यावर पोसलं जातं. फायबर कमी पडलं की अस्तर कमजोर पडतं आणि दाहाला वाट मिळते. म्हणजे कामं दोनच: साखर आणि पाकिटं खाली, फायबर वर.

सकाळी उठल्यावर सांधे आखडत असतील, शौचातून रक्त जात असेल किंवा उंची-वजन वाढायचं थांबलं असेल, तर आहाराचे प्रयोग नकोत, बालरोगतज्ज्ञ गाठा. ‘ग्लुटेनने दाह होतो’ ऐकून (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) गहू परस्पर बंद करू नका. सीलिअॅक या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते, नाहीतर अहवाल खोटाच चांगला येतो. दम्याचा पंपही आहार सुधारला म्हणून बंद होत नाही.

मग घरातला साठा काढा. पाकिटाच्या मागचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तिनांत मैदा, साखर, पामतेल दिसलं की पाकीट परत ठेवा, पुढे ‘मल्टिग्रेन’ लिहिलं असलं तरी. दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलेली मर्यादा दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. 300 मिली कोलात 30 ग्रॅमहून जास्त असते. गूळ, मध, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी यांचाही हिशोब यातच.

नाश्ता आणि जेवण याबद्दल फार डोकं लावू नका. पोहे, भाकरी, वरण-भात ठीकच आहेत, भाजी दुप्पट वाढा.

घोडं अडतं संध्याकाळी चार ते सातमध्ये. मूल शाळेतून येतं, तासाभरात क्लासला पळायचं असतं, आई-बाबा अजून लोकलमध्ये. ठाण्यात असो की वाशीत, क्लासच्या खाली वडापाव, शेजवान डोसा आणि चिप्सच्या माळा लटकलेल्या. भुकेल्या तेरा वर्षांच्या मुलाला तिथे शहाणपण सुचत नाही, सुचावं अशी अपेक्षाही करू नये. म्हणून खाणं ते घरात शिरायच्या आधी तयार हवं आणि दोन मिनिटांत ताटलीत यायला हवं. ‘फ्रिजमध्ये फळं आहेत, कापून घे’ याला तयारी म्हणत नाहीत.

मूग रात्री भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी सकाळी मोड आलेले असतात. थोडं पाणी आणि मीठ घालून मऊसर वाफवा, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. संध्याकाळी मुलाने फक्त गरम करून कांदा, टोमॅटो, लिंबू घालायचं. शिजलेल्या 100 ग्रॅम मुगात साधारण सात ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढंच फायबर असतं. दहा वर्षांवरच्या मुलाला दिवसाला 25 ग्रॅम फायबर लागतं. सोबत केळं किंवा पेरू, भाजलेले शेंगदाणे मूठभर. रस काढू नका, फायबर चोथ्यात जातं.

बहुतेक घरांत हे आठवड्यात फसतं, कारण पहिल्याच दिवशी वाटीभर उसळ वाढली जाते. फायबरची सवय नसलेल्या पोटात गॅस धरतो, मूल क्लासमध्ये पोट धरून बसतं आणि दुसऱ्या दिवसापासून उसळ शत्रू होते. पाव वाटीने सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांत वाटीपर्यंत न्या, पाणी वाढवा. मूग पचायला हलके, म्हणून आधी तेच. मटकी नंतर, हरभरे सगळ्यांत शेवटी.

वडापाववर बंदी घालू नका. बंदी घातली की तो क्लासच्या जिन्यात खाल्ला जातो. आठवड्यातून एकदा, आणि उसळ खाऊन झाल्यावर. पोट अर्धं भरलेलं असलं की एकावर भागतं. घरी मात्र तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, कालवणात. ओमेगा-3 (दाह कमी ठेवायला मदत करणारी चरबी) हवं तर हेच मासे, आणि स्वस्तही. सुरमई आणि मुशीत पारा जास्त, मुलांना क्वचितच. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्याचा हट्ट नको. शाकाहारी घरात जवसाची चटणी, रोज एक-दोन चमचे. जवस कुटलेलाच हवा, अख्खा तसाच बाहेर पडतो. थोडीथोडीच करा, लवकर खवट होते.

फरक बघायला दर महिन्याला सीआरपी (दाह मोजणारी रक्ततपासणी) करायची गरज नाही, साध्या सर्दीनेही तिचा आकडा वाढतो. सहा वर्षांपुढच्या मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. तीन महिन्यांतून एकदा पुरे, आणि चार पाहुण्यांसमोर तर मुळीच नको.