पहिली ईपी घरी करताना

बँडला वर्ष झालं की ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम, रेकॉर्ड करायची खाज सुटतेच. आम्हालाही सुटली. पुण्यात, कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. गाणी चार, त्यातली नीट बसलेली दोन.

पहिला फटका खरेदीत बसला. पैसे जमवून कंडेन्सर माइक आणला, त्याने गायकाआधी शेजारच्या कुकरची शिट्टी टिपली. रिकाम्या भिंतींच्या खोलीत तो सगळंच ऐकतो. शेवटी साधा डायनॅमिक माइक घेतला, कपाटाच्या दारांवर गोधड्या टांगल्या, गायकाला त्यांच्याकडे पाठ करून उभं केलं आणि काम झालं.

मग गिटारची घूंऽऽ. ती घालवायला आठवडाभर प्लगिन्स (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी टूल्स) चाळली. तारांवर हात ठेवला की घूं कमी होते, उचलला की पुन्हा सुरू, हे फार उशिरा लक्षात आलं. वायरमनने सॉकेट उघडलं तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. "गाण्याचं राहू दे, शॉक बसला असता," म्हणाला. तुमच्याकडे असं होत असेल तर आधी सॉकेट तपासून घ्या.

ड्रम्स मात्र घरी घेऊ नका. जॅमपॅड, म्हणजे बँडच्या सरावाची खोली, तासावर मिळतो. माइक चार पुरतात: किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक, स्नेअरला (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) एक, वर दोन ओव्हरहेड. हे दोन्ही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर हवेत, आम्ही सुतळीने मोजले. नाहीतर स्नेअर पोकळ वाजतो. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर पीक (आवाजाची सर्वात वरची पातळी) उणे 12 डीबीच्या आसपास ठेवा. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेल्याचं काहीच करता येत नाही.

एवढं सगळं लावून पहिले तीन तास वाया गेले, कारण आमच्या ड्रमरने क्लिकवर (हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर) कधी वाजवलंच नव्हतं. तेव्हा कोणीतरी बझकॉक्स या पंक बँडची गोष्ट सांगितली. मँचेस्टरच्या या पोरांनी 500 पौंड उसने घेऊन डिसेंबर 1976 मध्ये एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी 1977 मध्ये स्वतःच्याच लेबलवर 1000 प्रती काढल्या. कुठलं गाणं कितव्या टेकचं (कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालेलं), तेही कव्हरवर छापलं: चारातली तीन पहिल्या टेकची! आमचा सव्विसावा चालू होता. त्या दिवशी गाशा गुंडाळला, दीड महिना फक्त क्लिकवर रियाज केला आणि परत गेलो. चारही गाण्यांचे ड्रम्स एका दुपारी झाले.

गाणी स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर टाकणं सोपं आहे; ती तिथे पोहोचवणारा डिस्ट्रिब्युटर बहुतेक वेळा प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा 12 अक्षर-अंकांचा कोडही देतो. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएसचं (ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं. पण त्याआधी शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचे किती टक्के, हे कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. आम्ही हा विषय गाण्यांचं मिक्सिंग झाल्यावर काढला. तोवर बेसिस्ट नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता. फोनवर वाद, मग अबोला, मग कुरिअर. सह्या व्हायला चार महिने लागले आणि तोवर ईपी हार्ड डिस्कवर पडून होती.