जुन्या नायिकांचा साज करताना या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली, की माझ्याकडे ब्लाऊज शिवायला आणि नटायला येणाऱ्या मुली मोबाइल पुढे करतात. त्यात कधी मधुबाला असते, कधी साधना, तर कधी नऊवारीतली जयश्री गडकर. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाने या नायिकांना पहिल्यांदा पाहिले ते जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या पडद्यावर. तंबूत जमिनीवर बसून त्यांना डोळे भरून पाहणाऱ्या बायकांच्या नाती आज तोच साज मागतात, याचा मला मनापासून आनंद होतो आणि म्हणूनच तो साज फसलेला पाहवत नाही. वीसेक वर्षांच्या कामात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहिल्या, त्यांतल्या काही माझ्या हातूनही झाल्या. बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. या नायिकांचे देखणेपण बेतात होते. एक गोष्ट ठसठशीत आणि बाकीच्या तिच्या मागे उभ्या. आपण मात्र त्यांच्या सगळ्या खुणा गोळा करतो आणि एकाच दिवशी एकाच अंगावर चढवतो.

उजळ चेहऱ्याचा गैरसमज

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक चेहऱ्याच्या रंगाची आहे. कृष्णधवल चित्रपटात नायिकेचा चेहरा चंद्रासारखा उजळ दिसतो, म्हणून मुली स्वतःच्या वर्णापेक्षा दोन-तीन छटा फिकट फाउंडेशन मागतात. परंतु कृष्णधवल फिल्मवर रंग नसतोच, तिथे फक्त उजेड आणि सावली असते. मुख्य दिवा चेहऱ्याच्या समोरून जरा उंचावर ठेवला, की गालांचे हाड उठून दिसते आणि हनुवटीखाली मऊ सावली पडते. मागून दुसरा दिवा केसांवर सोडला, की डोक्याभोवती प्रकाशाची कड उमटते. आणि भिंगापुढे बारीक जाळीचे कापड धरले, की त्वचेवरचे डाग विरून जातात. १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’चा बहुतांश भाग कृष्णधवल आहे, आणि त्यातल्या मधुबालाच्या चेहऱ्यावरचे तेज हे तिच्या रूपाइतकेच दिवे लावणाऱ्यांच्या हातांचेही आहे. ते काम पावडरीच्या डबीवर सोपवले, तर ते होणार नाही.

काम शिकत असताना मी एका नवरीला अशीच फिकट केली होती. मांडवात ट्यूबलाइटखाली तिचा चेहरा राखाडी दिसत होता आणि मेंदीचे हात दुसऱ्याच कोणाचे तरी वाटत होते. तिच्या आईने मला काही म्हटले नाही, पण ते छायाचित्र त्या घरात अजून भिंतीवर आहे आणि मी तिथे गेले, की माझी नजर खाली जाते.

उपाय सोपा आहे. फाउंडेशनची छटा हाताच्या पाठीवर न पाहता जबड्याच्या कडेला, मानेजवळ लावावी, अंगणात दिवसाच्या उजेडात यावे आणि दहा मिनिटे थांबावे, कारण काही फाउंडेशन वाळल्यावर गडद होतात. जी छटा दिसेनाशी होते ती आपली. समारंभाच्या दिवशी चेहरा फिकट झालाच, तर त्यावर गडद थर चढवू नये. ओला स्पंज घट्ट पिळून घ्यावा, हलक्या हाताने दाबत वरचा थर उचलावा आणि तीच योग्य छटा मानेवर व कानांच्या पाळ्यांवरही ओढावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे जाड थर तासाभरात फुटतो. घाम आला, तर पुसू नये, मऊ सुती रुमाल दाबून टिपावा.

सावळ्या वर्णाबद्दल एक गोष्ट मला मुद्दाम सांगाविशी वाटते. उन्हात राबणाऱ्या आपल्या बायकांच्या वर्णाला काजळ, मोगरा आणि टसर रेशमाचा मधासारखा रंग जितका खुलतो, तितका तो कुठे खुलताना मी पाहिलेला नाही. तो लपवून कोणतीही जुनी नायिका हाती लागत नाही.

पेटीतली साडी

जुना साज म्हटला, की आजीची पेटी उघडली जाते, आणि इथे घाई फार महागात पडते. माझ्या भाचीच्या हळदीला आम्ही आत्याची रेशमी साडी काढली. ती वर्षानुवर्षे एकाच घडीत, प्लास्टिकच्या पिशवीत होती. वरून ती झकास दिसत होती. भाचीने निऱ्या खोचल्या आणि ती पाटावर बसली, तेव्हा मांडीवर घडीच्या रेषेत साडी सरळ उसवत गेली, जसा वाळलेला पळसाचा पाला चुरतो तशी. आत्या तिथेच बसली होती. तिने फाटलेला भाग ओंजळीत धरला आणि एवढेच म्हणाली, “राहू दे मांय, साडी हाये.”

रेशीम घडीवर कमकुवत होते, म्हणून जुनी साडी नेसण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर महिनाभर आधी काढावी. सावलीत, सपरीत (पडवीत) दोरीवर न टाकता खाटेवर चादर घालून पसरावी आणि घडीच्या रेषा उजेडासमोर धरून पाहाव्यात. रेषेतून उजेड झिरपत असेल, तर मागून मलमलीची पट्टी बारीक टाक्यांनी जोडावी. जाड दोऱ्याने रफू केले, तर त्या टाक्याशेजारी नवी फट पडते. कापड बोटांत चुरत असेल, तर ती साडी नेसण्याचा हट्ट सोडावा आणि तिचा धड राहिलेला काठ नव्या सुती साडीला लावून घ्यावा. सेफ्टी पिन लावताना पिनेच्या गोल वळणाशी एक छोटा मणी ओवावा, म्हणजे कापड त्या वळणात अडकून फाटत नाही.

जरीवर अत्तर किंवा सेंट मारणे ही दुसरी हमखास चूक. खऱ्या जरीत चांदी असते आणि ती काळी पडते. अत्तर अंगाला लावावे, ते वाळू द्यावे, मग साडी नेसावी. डांबरगोळ्याही जरीला टेकू देऊ नयेत.

पेटीत काहीच नसेल, तर खंत नको. आपल्या मोहाडी-आंधळगावच्या बाजूला विणली जाणारी करवत काठी साडी घ्यावी. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या कोषांचे टसर, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी आणि कापडाला स्वतःचा असा जडपणा, जो निऱ्यांना खाली धरून ठेवतो. जुन्या पडद्यावरच्या पदराची जी शांत पडण आपल्याला भुरळ घालते, ती बाजारातल्या चकचकीत सिंथेटिक साडीत येत नाही, कारण ती साडी अंगाला विजेसारखी चिकटते किंवा वाऱ्यावर फुगते.

ब्लाऊज, म्हणजे अर्धी लढाई

शिवणाऱ्या बाईचे मत म्हणून याकडे पाहू नये. जुन्या छायाचित्रात साडीचा रंग समजत नाही, पण ब्लाऊज समजतो. मुली गळा आणि बाहीचे चित्र दाखवतात व मापाला मात्र एखादा जुना, सैल ब्लाऊज आणून देतात. मग मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, चुण्या पडतात, खांदा उतरतो आणि कितीही सुंदर बाही असली, तरी सारे ढगळ दिसते. माप अंगावरच द्यावे, आणि तेही समारंभात जी अंतर्वस्त्रे घालायची तीच घालून. मुंढा उंच ठेवावा, कारण खोल मुंढ्याच्या ब्लाऊजमध्ये हात वर केला, की सगळा ब्लाऊज वर येतो. उंच मुंढ्यात हात मोकळा फिरतो आणि ब्लाऊज जागेवर राहतो. कटोरी किंवा टक्स नीट बसले आहेत का, हे उभे राहून आणि बसून असे दोन्ही वेळा पाहावे. अस्तर सुतीच हवे आणि शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर कापड राखावे.

चुडीदारांच्या बाबतीतही हेच. ‘वक्त’ या १९६५च्या चित्रपटात साधनाने घातलेले अंगाबरोबरचे कुर्ते आणि चुडीदार वेशभूषाकार भानू अथैया यांचे होते. कोल्हापूरच्या या बाईंना पुढे ‘गांधी’साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या कुर्त्यावर फार नक्षी नाही, सगळी करामत बेतण्याची आहे. तसा कुर्ता हवा असेल, तर पैसे खड्यांवर न घालता दोन वेळा अंगावर बेतून पाहण्यावर घालावेत.

परकराकडे कोणी बघत नाही. सॅटिनच्या परकरावर साडी घसरते आणि घेरदार परकरावर ती फुगते. सहा कळ्यांचा सुती परकर, नाडी कंबरेच्या बाजूला बांधलेली, एवढे पुरते.

केस आणि डोळे

‘साधना कट’ हा शब्द आजही गावच्या बायकांच्या तोंडी आहे. १९६०च्या ‘लव्ह इन शिमला’साठी साधनाचे रुंद कपाळ झाकावे म्हणून ती झुलपे कापली गेली, ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर. म्हणजे ती एका विशिष्ट कपाळासाठी काढलेली तोड होती. कपाळ आधीच अरुंद असेल, तर झुलपांनी चेहरा दबतो, आणि आपल्या उन्हाळ्यात ती घामाने कपाळाला चिकटतात. केस कापण्याआधी पुढचे थोडे केस कपाळावर ओढून, पिना लावून एक पूर्ण दिवस घरात वावरून पाहावे. कापल्यावर पस्तावण्यापेक्षा ते बरे.

उंच बुचड्याच्या तक्रारी दोनच असतात: तो संध्याकाळपर्यंत खाली बसतो आणि सोडताना केस तुटतात. तो बसतो, कारण केस त्याच दिवशी धुतलेले असतात किंवा तेलकट असतात. आदल्या दिवशी धुतलेले केस पकड धरतात. उलटा कंगवा फक्त मुळाजवळच्या दोन-तीन इंचांत फिरवावा, टोकापर्यंत नाही, आणि केस विरळ असतील, तर आत गंगावन ठेवावे. सोडताना बोटांना थोडे तेल लावून टोकाकडून मुळाकडे यावे. गजरा एका बाजूला जड झाला, की बुचडा तिकडे कलतो, म्हणून दोन यू-पिना एकमेकींना छेद देतील अशा खोचाव्यात.

डोळ्यांची लांब शेपटी काढताना मुली बोटाने कातडी ताणतात. बोट सोडले, की रेष वाकडी होते. डोळे उघडे ठेवून, आरशात सरळ बघून, खालच्या पापणीची रेष भुवईच्या टोकाकडे जाते असे समजून तिथे आधी एक टिंब द्यावे आणि मग त्याला जोडावे. आतल्या कडेलाही दाट काजळ भरले, तर डोळा लहान दिसतो. आणि भुवया कोरून दोऱ्याएवढ्या करू नयेत; तशा भुवया त्याहूनही जुन्या, १९३०च्या दशकातल्या, मधुबाला-नूतनच्या काळातल्या नव्हेत.

यावरून आठवले: काळांची सरमिसळ ही फार नकळत होणारी चूक आहे. १९५०च्या दशकातले मऊ कुरळे केस, १९६०च्या दशकातली डोळ्यांची शेपटी आणि १९७०च्या दशकातले मोठे गोल डूल एकत्र आले, की बघणाऱ्याला कोणीच आठवत नाही. एकच नायिका, शक्यतो तिचे एकच छायाचित्र समोर ठेवावे. ‘सुजाता’ (१९५९) किंवा ‘बंदिनी’ (१९६३) मधली नूतन समोर ठेवली, तर साधी सुती साडी, मागे बांधलेले केस आणि जवळजवळ काहीच दागिने नाहीत, एवढेच करायचे असते; आणि ते करायला सर्वांत जास्त धीर लागतो, कारण घरातल्या चार बायका येऊन काहीतरी घाल म्हणून मागे लागतात.

नऊवारी आणि सराव

शिवलेली नऊवारी सोयीची असते, पण तिचा कासोटा पायांमध्ये लोंबतो आणि बसल्यावर फुगतो. जयश्री गडकरांचा ठसका हवा असेल, तर ९ वारांचे लुगडे नेसायला शेजारच्या म्हाताऱ्या आजीकडे जावे. आपल्या गावांत अजून अशा आज्या आहेत आणि त्यांना विचारले, की त्या आनंदाने शिकवतात. एक मात्र पाहावे: रोज शेतात जाणाऱ्या बाईचे नेसणे आणि तमाशाच्या फडावरचे नेसणे यांत कासोट्याची उंची आणि पदराची ओढ वेगळी असते, तेव्हा कोणते हवे ते आधी सांगावे.

सगळा साज समारंभाच्या आधी किमान दोनदा पूर्ण करून, तो अंगावर असतानाच पाणी भरावे, ओटीवर चढावे, मांडी घालून बसावे. खांदे वर चढलेले आणि हात पदराशी झटत असलेले, हे छायाचित्रात सर्वांत आधी दिसते.

छायाचित्र काढताना

मोबाइलचा चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद ठेवावा. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर दाराकडे तोंड करून सपरीत बसावे आणि समोर खाली कोणीतरी पांढरे धोतर पसरून धरावे. त्यावरून उडणारा उजेड डोळ्यांखालच्या सावल्या भरून काढतो. छायाचित्र कृष्णधवल करायचे असेल, तर साडी निवडण्याआधीच तिचा एक कृष्णधवल फोटो काढून पाहावा, कारण लाल साडी आणि हिरवा काठ रंगांत कितीही उठून दिसले, तरी त्यांची राखाडी छटा बरेचदा जवळपास एकच येते आणि काठ नाहीसा होतो. फिकट साडी आणि गडद काठ तिथे हवा.

समारंभ संपल्यावर साडी तशीच पेटीत टाकू नये. रात्रभर सावलीत पसरून घाम वाळू द्यावा, घडी जुन्या रेषा सोडून नव्या जागी घालावी, मांजरपाटाच्या स्वच्छ कापडात गुंडाळावी आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात, कापडाला न टेकता ठेवावी. दर तीन-चार महिन्यांनी घडी पुन्हा बदलावी. आत्याच्या साडीचा काठ मी अशाच कापडात ठेवला आहे. भाचीच्या मुलीच्या परकर-पोलक्याला तो पुरेल एवढा आहे.