महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून सटीप संदर्भसूची कशी करावी

सटीप संदर्भसूची म्हणजे संदर्भांची यादी आणि प्रत्येक नोंदीखाली शंभर-दीडशे शब्दांची टीप, एवढे वर्गात सांगितले गेलेले असते. ओळखपत्र खिशात आहे, विषय ठरला आहे आणि नोंदी एमएलए पद्धतीने करायच्या की एपीए, हेही ठाऊक आहे, असे गृहीत धरून मी पुढे लिहितो. उदाहरणासाठी विषय एकच घेतो : गोव्यातील गावकरी, म्हणजेच गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणारी कोमुनिदाद संस्था. पदवीच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी हा विषय घेतोच आणि बहुतेकजण एकाच ठिकाणी ठेचकाळतात. त्या ठिकाणी मीही एकदा चांगलाच आपटलो होतो.

‘कोमुनिदाद’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘जुन्या काबिजादीत (पोर्तुगीजांनी गोव्यात आधी जिंकलेल्या मुलखात) गावकरीच्या शेतांचा लिलाव कोणाच्या हाती होता?’ हा प्रश्न झाला. तो वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहून मगच ग्रंथालयाची पायरी चढावी.

तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, शोध घेताना गोव्याच्या विद्यार्थ्याला लेखनपद्धतीचा त्रास होतो आणि त्याबद्दल बाहेरच्या मार्गदर्शकांत अवाक्षरही नसते. पोर्तुगीज शुद्धलेखन १९११ मध्ये सुधारले गेले. त्याआधीच्या ग्रंथांत ‘कोमुनिदाद’ हा शब्द दोन ‘एम’ घालून लिहिलेला आढळतो, नंतरच्या ग्रंथांत एका ‘एम’ने, आणि इंग्रजी पुस्तकांनी दोन्ही रूपे सोयीनुसार उचललेली आहेत. ‘गावकरी’ रोमन लिपीत लिहिताना तर मध्ये ‘व्ही’ घालावा, ‘डब्ल्यू’ घालावा की ‘यू’ आणि ‘एन’ जोडावेत, यावर आजवर एकमत झालेले नाही. संगणकावरील तालिकेला यातले काहीच कळत नाही. आपण टाकाल तीच अक्षरे ती शोधते. म्हणून एकदा शोधून ‘पुस्तकच नाही’ असे म्हणत उठू नये. किमान चार रूपांनी शोधावे, शिवाय देवनागरीतही शोधावे.

एखादे पुस्तक सापडले की त्याचा बोधांक, म्हणजे कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, लिहून घ्यावा आणि कपाटाशी स्वतः जावे. आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांत पुस्तकांना विषयानुसार अंक देणारे ड्यूई दशांश वर्गीकरण चालते. मेल्विल ड्यूई यांनी ते १८७६ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच्या आवृत्त्या बदलत गेल्या. त्यामुळे गोव्याच्या इतिहासाची पुस्तके काही ठिकाणी ९५४.७९९ खाली, तर काही ठिकाणी ९५४.७८ खाली लावलेली दिसतात. आपला प्रश्न जमिनीचा असल्याने ३३३ या वर्गाकडे फेरी मारावी. गावसमाजाची पुस्तके ३०७ खाली आणि मालमत्तेच्या कायद्याची ३४६ खाली असतात. हव्या असलेल्या पुस्तकाच्या डावीकडची आणि उजवीकडची पाच-पाच पुस्तके चाळल्याखेरीज कपाटापासून हलू नये.

नियतकालिकांतील लेखांसाठी ग्रंथपालांकडून एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-नियतकालिक सेवेचे खाते मागून घ्यावे, प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ पाहावे, आणि जे महाविद्यालयात नाही ते पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात किंवा पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात शोधावे.

आता मूळ अडचणीकडे येतो. ‘प्रस्तावना आणि मलपृष्ठ वाचा, गोषवारा पाहा, टीप लिहून मोकळे व्हा’ हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो टाकाऊ आहे. मलपृष्ठावर प्रकाशकाला जे सांगायचे असते ते लिहिलेले असते. टिपेत वाचकाला जे हवे असते ते त्याहून निराळे असते. मी विद्यार्थी असताना याच सल्ल्याच्या भरवशावर याच विषयाची बारा नोंदींची सूची केली आणि टापटीप टंकलिखित करून दिली. सरांनी ती वाचून एकच प्रश्न विचारला : “बारा पुस्तके दिसतात, पण यात साक्षीदार किती?” मला प्रश्नाचा अर्थच लागला नाही. पुन्हा ग्रंथालयात जाऊन बाराही पुस्तके एका टेबलावर मांडली आणि या वेळी ती मागच्या बाजूने उघडली. गावकऱ्यांच्या हक्कांविषयीच्या एकाच विधानाचा माग काढता काढता पाच पुस्तकांच्या तळटिपा फिलिप नेरी झेवियर यांच्या कोमुनिदादींवरील १८५२ च्या ग्रंथापाशी येऊन थांबल्या. आणखी दोघांनी तोही पाहिला नव्हता. त्यांनी त्या पाचांपैकी एकाचा हवाला दिला होता. म्हणजे सात तोंडांनी एकच माणूस बोलत होता, आणि मी सातही नोंदींखाली ‘या मताला इतर अभ्यासकही दुजोरा देतात’ असे लिहून बसलो होतो.

म्हणून माझा आग्रह असा की पुस्तक आधी मागच्या बाजूने, तळटिपांपासून वाचावे. आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेले एक विधान निवडावे, त्याची तळटीप काढावी आणि ती कुठे पोहोचते ते एका चिठ्ठीवर लिहावे. लेखकाने गावकरीची कागदपत्रे स्वतः पाहिली आहेत की दुसऱ्याचे पुस्तक पाहिले आहे? १५२६ च्या फोरालाचा, म्हणजे गावकऱ्यांच्या रूढींची नोंद करणाऱ्या सनदेचा, दाखला मूळ मजकुरावरून दिला आहे की कोणाच्या तरी सारांशावरून? चार पुस्तकांच्या चार चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे हे लख्ख दिसते. या कामाला प्रत्येक पुस्तकामागे पाऊण तास लागतो, त्यात काटछाट होत नाही. ज्यांना ते जड वाटते त्यांनी बारांऐवजी सहा नोंदी कराव्यात, पण त्या खऱ्या कराव्यात.

टीप त्याच टेबलावर, पुस्तक समोर असताना लिहावी. घरी जाऊन लिहू म्हटले की चौथ्या पुस्तकाचे मत दुसऱ्याच्या नावावर जाते. आता दोन नमुने पाहा. पहिला : ‘या पुस्तकात कोमुनिदाद संस्थेची सखोल व उपयुक्त माहिती दिली असून अभ्यासकांना ते मार्गदर्शक ठरेल.’ ही टीप कोणत्याही पुस्तकाखाली चिकटवता येते, म्हणून तिची किंमत शून्य. दुसरा : ‘लिलावावर गावकऱ्यांपेक्षा सरकारी प्रशासकाचा वचक अधिक होता, असा लेखकाचा दावा आहे. तो एकाच गावाच्या इतिवृत्तांवर उभा असल्याने सासष्टी या दक्षिण गोव्यातील तालुक्याबाहेर लावताना जपावे लागेल. तिसरे प्रकरण माझ्या प्रश्नाला थेट भिडते. शेवटची दोन प्रकरणे प्रामुख्याने आठवणींवर आधारलेली असल्याने मी वापरणार नाही.’ पुस्तक काय म्हणते, कशाच्या आधारावर म्हणते आणि माझ्या प्रश्नाला कुठवर पुरते, ही तिन्ही उत्तरे यात आहेत. ‘सखोल’, ‘मोलाचे’, ‘अभ्यासपूर्ण’ ही विशेषणे लिहिण्याची सवय आपल्याला पुस्तक प्रकाशनाच्या भाषणांतून लागली आहे. ती टिपेतून सरसकट छाटावीत.

याच टप्प्यावर आणखी दोन खड्डे आहेत. एकच मजकूर दोन नोंदी होऊन बसतो, हा पहिला. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जुन्या काबिजादीतील गावसंस्थेवरील निबंध १९४७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला आणि पुढे १९६२ च्या त्यांच्या निबंधसंग्रहातही आला. दोन्ही ठिकाणी तो सापडला म्हणून दोन स्वतंत्र संदर्भ मिळाले, असे मोजू नये; नोंद एक करावी आणि टिपेत दुसऱ्या ठिकाणाचा उल्लेख करावा. पुनर्मुद्रणांचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ गेल्या तीस-चाळीस वर्षांत नव्या कोऱ्या बांधणीत छापलेले आढळतात. शीर्षकपृष्ठाच्या मागे मूळ प्रकाशनवर्ष पाहिले नाही, तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे मत ‘अलीकडचे संशोधन’ म्हणून सूचीत शिरते.

दुसरा खड्डा पोर्तुगीजचा. मूळ पोर्तुगीज ग्रंथ सूचीत असला की सूची भारदस्त दिसते, म्हणून न वाचताच त्याची नोंद करण्याचा मोह होतो. भाषा येत नसेल तर तो ग्रंथ सूचीत घेऊ नये. इंग्रजी पुस्तकात त्याचा उतारा वाचला असेल तर त्या इंग्रजी पुस्तकाचीच नोंद करावी आणि टिपेत तसे स्पष्ट लिहावे. तोंडी परीक्षेत एक पान उघडून समोर धरले की पितळ उघडे पडते. ते दृश्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

पानांचे फोटो काढायचेच असतील, तर ग्रंथपालांना विचारून काढावेत आणि पहिला फोटो शीर्षकपृष्ठाचा असावा. विद्यार्थ्यांच्या मोबाइलमधली कित्येक पाने कोणत्या पुस्तकातली आहेत हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. पावसाळ्यात जुन्या खंडांना बुरशी धरते. तशी पाने बोट ओले करून उलटू नयेत आणि खंड फार उघडून पाठ मोडू नये. दाखलांकही, म्हणजे ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला क्रमांकही, लिहून ठेवावा, कारण त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीत पाने गळालेली असू शकतात.

शेवटी नोंदी आडनावानुसार लावाव्यात. डिसोझा, डिकॉस्ता यांसारखी आडनावे तालिकेत कधी ‘डी’खाली, कधी ‘एस’ किंवा ‘सी’खाली जातात. लेखकाने शीर्षकपृष्ठावर नाव जसे लिहिले आहे तसेच घ्यावे आणि संपूर्ण सूचीत एकच पद्धत ठेवावी.