खड्ड्यामुळे अपघात झाला तर भरपाई कशी मागायची

मुंबई उच्च न्यायालयाच्या 13 ऑक्टोबर 2025 च्या आदेशानंतर खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडून जखमी झालेल्या माणसाला भरपाईसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, अशी सोय झाली आहे. न्यायालयाने 2013 साली स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने हा आदेश दिला. मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये, आणि जखमीला दुखापतीच्या स्वरूपानुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये. रस्ता ज्यांच्या ताब्यात, त्यांनी ही रक्कम आधी द्यायची आणि नंतर दोषी अधिकारी, अभियंता किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायची.

पैसे मात्र आपोआप घरी येत नाहीत. अर्ज करावा लागतो, आणि तो टिकतो की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत जमवलेल्या कागदांवर ठरतं. कारण अगदी साधं आहे: मोठा अपघात झाला की तोच खड्डा रातोरात बुजवला जातो. सकाळी तिथे ताजं डांबर किंवा पेव्हर ब्लॉक दिसतात, आणि इथे खड्डा होता हे सिद्ध करायची जबाबदारी जखमीच्या घरच्यांवर येऊन पडते.

दवाखान्यात काय सांगायचं

आधी उपचार, हे सांगायला नको. पण कॅज्युअल्टीत डॉक्टर 'काय झालं?' विचारतात तेव्हा दिलेलं उत्तर पुढे पुरावा ठरतं. घाबरलेला नातेवाईक म्हणतो, 'गाडीवरून पडला.' डॉक्टर केस पेपरवर 'एच/ओ स्किड अँड फॉल' लिहून मोकळे होतात, म्हणजे गाडी घसरून पडल्याचा इतिहास. त्या चार शब्दांत खड्डा कुठेच नाही. सहा महिन्यांनी समोरचा वकील हाच कागद दाखवून विचारतो, की खड्डा होता तर तेव्हा का सांगितलं नाही?

म्हणून ठिकाण, वेळ आणि कारण स्पष्ट सांगा: 'अमुक चौकात, रात्री साडेनऊच्या सुमारास, रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक आपटून गाडी पडली.' तसंच लिहिलंय का ते तिथेच वाचून बघा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला सांगा आणि तिचा नंबर टिपून घ्या. खासगी दवाखाना टाळाटाळ करत असेल तर तशी लेखी मागणी द्या.

जागेवरचा पुरावा

जखमीसोबत एक जण दवाखान्यात, दुसरा लगेच जागेवर, अशी वाटणी करा. फोटो तीन अंतरांवरून काढा. लांबून काढलेल्या फोटोत दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब दिसावा, खांबावर नंबर असेल तर तो वाचता यावा. मधल्या अंतरावरून संपूर्ण खड्डा, आणि जवळून मोजमाप. मोजमाप असं घ्या: खड्ड्यावर आडवी काठी टाका, काठीपासून तळापर्यंत टेप किंवा शाळेतली फूटपट्टी उभी धरा आणि आकडा दिसेल असा फोटो घ्या. लांबी-रुंदीचाही असाच. पाणी साचलं असेल तर काठी बुडवून ती कुठवर ओली झाली ते मोजा. बॅरिकेड, फलक, दिवे नव्हते हे दाखवणारा एक व्हिडिओ, तारीख आणि ठिकाण तोंडाने बोलत, काढून ठेवा. गाडीचं वाकलेलं रिम आणि फाटलेला टायर दुरुस्तीआधी टिपा.

मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून वेळेची आणि ठिकाणाची मूळ माहिती निघून जाते. पुढे दिवाणी दाव्यात हे फोटो सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. आजूबाजूच्या दुकानाचा किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी द्या, कारण काही दिवसांत जुन्यावर नवं चित्रण होतं.

अजून एक पुरावा लोकांच्या लक्षात येत नाही: आधीची तक्रार. खड्ड्याची माहिती मिळाल्यावर 48 तासांत त्याची दखल घ्यावी लागते, न घेतल्यास तो गंभीर हलगर्जीपणा ठरतो, असं याच आदेशात आहे. तेव्हा त्या गल्लीतल्या कुणी पूर्वी महापालिकेच्या ॲपवर किंवा मुंबईत 1916 वर तक्रार केली होती का, विचारा. जुन्या तक्रारीचा क्रमांक मिळाला, तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे उत्तर तिथेच गळून पडतं.

पोलीस ठाण्यात

भरपाईचे अर्ज तपासायला याच आदेशाने समित्या नेमायला सांगितल्या आहेत (त्यांची रचना पुढे दिली आहे). अपघाताची माहिती 48 तासांत या समितीला कळवणं हे पोलीस ठाण्याचं काम आहे. तरी त्यावर विसंबू नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. स्थळपंचनामा व्हावा आणि त्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली यावी असा आग्रह धरा. पंच म्हणून जवळचा दुकानदार तयार असेल तर चांगलंच.

इथे एक धोका आहे. दुसरं वाहन नसलं की काही वेळा खुद्द जखमीवरच, किंवा मृत चालकावरच, निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा लिहिला जातो, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 281. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती घेऊन आरोपीच्या रकान्यात कोण आहे ते पाहा. रस्त्याची देखभाल करणारे अधिकारी आणि कंत्राटदार यांच्या निष्काळजीपणाबद्दल तक्रार असेल तर मृत्यूसाठी कलम 106(1) आणि दुखापतीसाठी कलम 125 लागू होतात. ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात उपायुक्तांकडे लेखी अर्ज, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

रस्ता कुणाचा?

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. एकाच शहरात एक रस्ता महापालिकेचा, त्याला लागलेला उड्डाणपूल एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळ), पुढचा पट्टा सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि बाहेरचा बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो. 'सदर रस्ता या कार्यालयाच्या ताब्यात नाही' असं एका ओळीचं पत्र आलं की माणूस खचतो.

उपाय दोन. शंका असेल त्या प्रत्येक यंत्रणेकडे एकाच तारखेचा अर्ज द्या. आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, नमुना 'अ', एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारायचं ते नेमकं विचारा: अपघाताच्या तारखेला रस्ता कुणाच्या ताब्यात होता, शेवटचं काम कधी व कोणत्या कंत्राटदाराने केलं, दोष दायित्व कालावधी (कामातला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) कधीपर्यंत आहे, त्या जागेबद्दल आधीच्या सहा महिन्यांत किती तक्रारी आल्या, खड्डा कोणत्या तारखेला बुजवला, देखरेखीचा अभियंता कोण. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण या उत्तराची वाट बघत भरपाईचा अर्ज थांबवू नका.

समितीकडे अर्ज

महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि तेच सचिव अशी समितीची रचना आहे. इतर यंत्रणांमध्येही त्यांचा प्रमुख अधिकारी आणि विधी सेवेचे सचिव. माहिती मिळाल्यापासून सात दिवसांत समितीची पहिली बैठक व्हायला हवी, नंतर दर 15 दिवसांनी. अर्ज प्रमुख अधिकाऱ्याच्या नावे करा, पण एक प्रत सचिवांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महापालिकेच्या आवक विभागात कागद हरवू शकतो. न्यायालयाच्या आवारात पोच घेतलेली प्रत असली की तो शोधून काढावा लागतो.

अर्ज दीड-दोन पानांचा पुरे. मुख्य परिच्छेद असा असावा:

'दि. ____ रोजी रात्री ____ वाजता ____ रस्त्यावर, विद्युत खांब क्र. ____ समोर, सुमारे ____ फूट लांब व ____ इंच खोल खड्ड्यात वाहन आदळून मी जखमी झालो/झाले. सदर ठिकाणी इशारा फलक, बॅरिकेड वा प्रकाशव्यवस्था नव्हती. मा. मुंबई उच्च न्यायालयाच्या दि. 13 ऑक्टोबर 2025 च्या आदेशानुसार भरपाई मंजूर करावी, तसेच जबाबदार अधिकारी व कंत्राटदार निश्चित करून त्यांच्याकडून रक्कम वसूल करावी. अन्य कायदेशीर हक्क राखून हा अर्ज करीत आहे.'

सोबत आधार, बँक पासबुकची प्रत, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व स्कॅनचे अहवाल, मूळ बिलांच्या प्रती, एफआयआर किंवा स्टेशन डायरीचा उतारा, पंचनामा आणि फोटो. कामावर जाता आलं नसेल तर मालकाचं पत्र. कायमचं अपंगत्व आलं असेल तर सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र जोडा. 50 हजार आणि अडीच लाख यांच्यातलं अंतर अशाच कागदांनी कापलं जातं, 'हाड मोडलं' एवढ्यावर नाही. मृत्यूच्या प्रकरणात मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचे पुरावे.

हेल्मेट नसेल तर तसं खरं सांगा. त्यावरून रकमेवर वाद होईल, पण खोटं बोललेलं पकडलं गेलं तर सगळ्याच अर्जावरचा विश्वास जातो.

पैसे मिळताना आणि न मिळाल्यास

अर्जापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे. उशीर झाल्यास अर्जाच्या तारखेपासून वार्षिक 9 टक्के व्याज आणि प्रमुख अधिकाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी. म्हणूनच पोचेवरचा शिक्का आणि आवक क्रमांक महत्त्वाचा, व्याज त्या तारखेपासून मोजतात. आठ आठवडे उलटले की आदेशाचा आणि व्याजाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या, स्पीड पोस्टाने आणि हातोहात, दोन्ही.

धनादेश घेताना पावती नीट वाचा. 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, पुढे कोणताही दावा नाही' असं छापलेलं असेल तर सही करू नका. ही भरपाई इतर कायदेशीर उपायांच्या व्यतिरिक्त आहे, असं आदेशातच स्पष्ट म्हटलं आहे.

नुकसान अडीच लाखांपेक्षा कितीतरी जास्त असेल, उदाहरणार्थ पाय कापावा लागला आणि रोजगार गेला, तर दिवाणी दावा लागेल. इथली मुदत फार आखूड आहे. मुंबई महापालिकेविरुद्ध 1888 च्या अधिनियमातलं कलम 527 आणि राज्यातल्या इतर महापालिकांसाठी 1949 च्या अधिनियमातलं कलम 487: आधी एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. राज्य सरकारच्या खात्याविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस. समितीकडे अर्ज पडून आहे म्हणून ही मुदत थांबते, असं धरून चालू नका. चौथा महिना लागायच्या आत वकिलाकडे गेलेलं बरं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर त्याच विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग व्यक्ती यांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन 15100.

सरकारी नोकराच्या चुकीला सरकार जबाबदार नाही, असं कुणी ऐकवलं तर ते निरुत्तर करायला एक निकाल पुरतो, आणि तोही आपल्याच मातीतला. 1963 साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेवेळी बाळंतिणीच्या पोटात कापडाचा बोळा राहिला आणि ती दगावली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या या हलगर्जीपणासाठी महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरलं.

आणि गाडीच्या विम्याची पॉलिसी एकदा उघडून बघा. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यात असेल, तर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी तो दुसरं वाहन नसतानाही मिळतो, फक्त परवाना वैध हवा. विमा कंपनीला कळवायचं काम त्याच आठवड्यात उरका.